हिरडीआडचं हाड

काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका खेड्यातून एक मावशी दवाखान्यात आल्या. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि माझ्यापुढे धरली. आत त्यांचाच दात होता, खालचा, पटाशीचा. आदल्या रात्री भाकरी खाताना तो हातात आला होता. रक्त फारसं आलं नव्हतं आणि दुखलं तर मुळीच नव्हतं. "बघा की बाई," त्या म्हणाल्या, "कीड न्हाई, भोक न्हाई, फुटल्याला बी न्हाई. मग पडला कसा?"

मी तो दात उजेडाखाली धरला. मावशींचं म्हणणं खरं होतं. तोंडात दिसणारा वरचा भाग धडधाकट होता. मिसरीचे तपकिरी डाग सोडले तर त्यावर ओरखडाही नव्हता. खाली मुळावर मात्र काळपट हिरव्या कीटणाचं खरबरीत कवच चढलं होतं, नखानं निघणार नाही इतकं पक्कं. ते मुळाच्या निम्म्याहून खाली उतरलं होतं. अगदी टोकाशी लालसर, ओलसर तंतूंची लहानशी टोपी होती. जबड्यानं दाताला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं ते तेवढ्या जागेवर. आणि कीटण संपून तंतू सुरू होईपर्यंत मधे मुळाची एक स्वच्छ, पिवळसर पट्टी होती. जेमतेम मिलिमीटरभर रुंद. तिच्यावर कीटणही नव्हतं आणि तंतूही नव्हते.

या पुस्तकाचा विषय त्या पट्टीत आहे.

न किडलेला दात असा आपोआप पडतो, तो त्याला धरून ठेवणारं हाड गेल्यामुळे. मग हे हाड कोण नेतं? जंतू ते खातात असं बहुतेक जण धरून चालतात. शिकत असताना काही काळ माझीही तीच समजूत होती. पण जंतू आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ नेहमीच एक अंतर राहतं, आणि ते अंतर राखण्यासाठी हाड काढून नेतं ते आपलंच शरीर. आपल्याच पेशी, आपल्याच बचावासाठी. हे एवढं एक कळलं की हिरड्यांच्या जुनाट आजाराबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तो दुखत का नाही, एकाच घरातल्या दोघांना सारखा का होत नाही, मधुमेह आणि तंबाखू त्यात कुठून आले, आणि गोळ्या खाऊन तो बरा का होत नाही, या सगळ्यांची उत्तरं तिथंच आहेत. पुढची सगळी प्रकरणं या एका वाक्याचा विस्तार आहेत.

आजार छोटा नाही. जगभरातल्या आजारांच्या भाराची २०१० सालची मोजणी झाली, तेव्हा हाड मोठ्या प्रमाणात गेलेला हिरड्यांचा आजार माणसांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांमध्ये सहाव्या क्रमांकावर निघाला. जगातल्या सुमारे ११ टक्के लोकांना तो होता. तरी त्याला कोणी आजार म्हणत नाही. "वय झालं", "उष्णता झाली", "कॅल्शियम कमी पडलं", "आमच्या घराण्यातच दात लवकर पडतात", ही चार वाक्यं मी रोज ऐकते. चारही वाक्यांत थोडं थोडं निरीक्षण आहे, पण चारही वाक्यं म्हणून माणूस एकच गोष्ट करतो: काहीच करत नाही.

निरीक्षण जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांमध्ये दातांच्या मुळाशी होणारे आजार वेगळे काढले आहेत. शीताद, दंतवेष्ट, उपकुश अशा नावांखाली हिरड्यांतून रक्त येणं, पू येणं, दात हलणं यांची नोंद तिथं आहे. आपण बोलताना 'पायरिया' म्हणतो तो शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ पू वाहणं. अमेरिकेत हार्टफर्ड इथं जॉन रिग्ज नावाचे दंतवैद्य होते. १८७६ मध्ये त्यांनी या आजाराचं असं बारकाईनं वर्णन केलं की पुढे कित्येक वर्षं तिकडे त्याला 'रिग्जचा आजार' म्हणत. हिरडी कापण्यापेक्षा दाताच्या मुळावर साचलेलं खरवडून काढा, असं त्यांचं सांगणं होतं. दीडशे वर्षांनंतरही उपचाराचा पाया तोच आहे. बदललं आहे ते कारणाचं आकलन.

ते समजून घ्यायला आधी दात बसतो कसा ते पाहावं लागतं. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरची फट असते आणि तीत हजारो बारीक तंतू असतात. त्यांचं एक टोक मुळात रुतलेलं, दुसरं हाडात. खाटेच्या चौकटीत सुंभ विणलेलं असावं तसा दात त्या तंतूंवर तोललेला असतो. म्हणून सुपारीचं खांड चावताना तो कणभर दबतो आणि परत वर येतो. निरोगी तोंडात हाडाची वरची कड दाताचं चकचकीत कवच संपतं तिथून एक ते दोन मिलिमीटर खाली असते. त्यावर हिरडीची कातडी. दात आणि हिरडी यांच्यामधली खाच एक ते तीन मिलिमीटर खोल. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण हा आजार सगळा मिलिमीटरांत चालतो.

दाताभोवतीचं हाड हे शरीरातलं बहुधा सर्वांत अस्थिर हाड. ते दातासाठी तयार होतं आणि दात गेला की विरत जातं. ज्यांनी कवळी वापरली आहे त्यांना हे अनुभवानं माहीत असतं: पहिल्या वर्षी घट्ट बसणारी कवळी पुढे सैल होते, कारण कवळी तीच राहते आणि खालचं हाड झिजतं. जिवंत हाडात रोज दोन कामं चालू असतात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथं नवं भरतात. काढणं आणि भरणं बरोबरीनं चाललं की हाड जागच्या जागी राहतं. हिरड्यांच्या आजारात या हिशेबात दोन्हीकडून तूट येते. काढणं वाढतं आणि भरणं थांबतं.

ही तूट सुरू होते दातावर साचणाऱ्या मऊ थरापासून. १६८३ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्ट शहरातले लेवेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचा पांढुरका थर खरवडून आपल्या भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. पण थर आणि सूज यांचा कार्यकारणभाव सिद्ध व्हायला १९६५ साल उजाडलं. डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथं हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं, थर गेला आणि हिरड्या पूर्ववत झाल्या. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकात क्वचितच सापडतो. त्यातला धीर देणारा भाग मी प्रत्येक पेशंटला सांगते: सूज हिरडीपुरती असेल तोवर ती संपूर्ण बरी होते, मागं काही ठेवत नाही.

कीटणाबद्दल इथंच एक खुलासा करते. कीटण म्हणजे लाळेतल्या क्षारांनी दगड झालेला जुना थर. ते स्वतः बहुतांशी मृत असतं. घातक असतो तो त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर बसणारा जिवंत थर, आणि तिथं ब्रश पोचत नाही. म्हणून कीटण काढायचं. "मशीननं दात साफ केले की ते सैल होतात" ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. खरी गोष्ट अशी की हाड आधीच गेलेलं असतं. कीटणाचा पूल दातांना एकमेकांशी बांधून ठेवतो, तो निघाला की दाताचं आधीपासूनचं हलणं जाणवतं. सूज उतरल्यावर पुष्कळदा तेच दात आधीपेक्षा घट्ट होतात.

सूज हाडापर्यंत कशी जाते, या प्रश्नाकडे आता येऊ. नॉर्वेचे येन्स वेअरहाऊग यांनी काढलेले दात हाती घेऊन नेमकी तीच पट्टी मोजली, जी मावशींच्या दातावर मला दिसली होती. जंतूंच्या थराची पुढची कड आणि शाबूत राहिलेले तंतू व हाड यांच्यामध्ये किती अंतर असतं? हाडापुरतं बोलायचं तर ते अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी आणि २.७ मिलिमीटरहून जास्त सहसा आढळलं नाही. थर पुढे सरकला की हाड मागं सरतं, जणू एका ठरावीक अंतरावरून ते जंतूंकडे पाहत आहे. जंतू हाड कुरतडत असते तर हे अंतर शून्य असतं.

आमच्याकडे डोंगरात उन्हाळ्याच्या आधी वनखात्याची माणसं जाळरेषा काढतात. वणवा पलीकडे जाऊ नये म्हणून गवताचा एक पट्टा आपणच आधी जाळून मोकळा करायचा. तोंडात असंच काहीसं घडतं. हिरडीखालच्या थराशी लढायला पांढऱ्या पेशी जमा होतात, त्यांना उभं राहायला जागा लागते, आणि जंतू हाडात शिरणं हा शरीराच्या दृष्टीनं मोठा धोका असतो. म्हणून शरीर हाड मागं घेतं आणि मध्ये सुजलेल्या, रक्तानं भरलेल्या, पेशींनी दाटलेल्या ऊतीचा पट्टा ठेवतं. डोंगरात वणवा विझतो. इथं दाताच्या मुळावरचा थर रोज नव्यानं तयार होतो, वणवा विझत नाही, आणि जाळरेषा पुढे पुढे सरकत राहते. असं वीस वर्षं चाललं तर डोंगरावर गवतच उरत नाही.

पांढऱ्या पेशी हाडाला मागं सरण्याचा निरोप कसा देतात, याचा शोध हा गेल्या पन्नास वर्षांतला फार सुंदर शोध आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यात दातांवरच्या थरातला अंश मिसळला. मग फक्त वरचं पाणी घेऊन ते हाडाच्या तुकड्यांवर टाकलं. हाड विरघळू लागलं. चिथावलेल्या पेशींनी पाण्यात असं काही सोडलं होतं की जे हाड मोडण्याचा हुकूम देत होतं. त्या द्रव्याचं पुढे शुद्धीकरण झालं आणि त्यातला मुख्य घटक इंटरल्यूकिन-१ निघाला. ताप आणणारं, सूज वाढवणारं, शरीरभर संरक्षणाची हाक देणारं हेच द्रव्य. प्रोस्टाग्लँडिन-ई-२ आणि टीएनएफ ही त्याच्या जोडीची नावं. सुजलेल्या हिरडीत ती सगळी वाढलेली सापडतात.

हुकूम अनेक, पण ते शेवटी एकाच किल्लीपाशी येतात. १९९७ मध्ये ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं प्रथिन सापडलं. ज्या उंदरांच्या शरीरात ते जास्त तयार होत होतं, त्यांची हाडं विलक्षण दाट झाली होती. पुढच्याच वर्षी त्याचा जोडीदार ओळखला गेला, त्याचं नाव रँकएल. रँकएल ही किल्ली. ती रक्तातून आलेल्या कच्च्या पेशींच्या कुलपात बसली की त्या एकमेकींत मिसळतात आणि त्यांची मोठी, अनेक केंद्रकांची ऑस्टिओक्लास्ट तयार होते. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे त्या किल्लीवर घातलेलं म्यान. म्यानं जास्त असतील तर हाड सुरक्षित, उघड्या किल्ल्या जास्त झाल्या तर हाडाची तोड सुरू. सुजलेल्या हिरडीतल्या लसीका पेशी रँकएल मोठ्या प्रमाणात सोडतात. २००० साली कॅनडातल्या संशोधकांनी हिरड्यांच्या तीव्र आजाराच्या रुग्णांच्या पेशी उंदरांमध्ये सोडून, त्यांच्या तोंडात जंतू घालून पाहिलं. जबड्याचं हाड जाऊ लागलं. मग त्यांनी ऑस्टिओप्रोटेजेरिन दिलं. जंतू होते तसेच होते, पण हाडाचं जाणं खूपच कमी झालं. हाड कोण नेतं या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर दुसरं नाही.

ऑस्टिओक्लास्टचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. ती हाडावर पालथ्या वाटीसारखी बसते आणि वाटीची कड हाडाला घट्ट चिकटवते, आतलं बाहेर झिरपणार नाही अशी. मग वाटीच्या आत आम्ल सोडते. आम्लानं हाडातलं खनिज विरघळतं, उघडी पडलेली प्रथिनांची जाळी एका विकरानं तोडली जाते. काम झालं की पेशी उठते, मागं एक खळगा उरतो, आणि ती शेजारी पुन्हा बसते. ही पेशी जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कुळातलीच आहे. शिपाई आणि हाड फोडणारी ही सख्खी भावंडं. लढाईची हाक ऐकून ती धावून येते यात नवल नाही.

मग जंतूंचा वाटा काय? वाटा मोठा आहे, पण तो वेगळ्या प्रकारचा आहे. हिरडीखालच्या थरात शेकडो जातींचे जंतू असतात. त्यांपैकी पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा सर्वांत बदनाम. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात तो अगदी थोड्या संख्येनं तोंडात सोडला गेला. एकूण जंतूंच्या एक शतांश टक्क्याहूनही कमी. तरी इतर जंतूंची संख्या आणि घडण बदलली आणि हाड जाऊ लागलं. ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे कोणतेच जंतू नव्हते, त्यांच्यात तोच जंतू एकटा सोडला तर हाड गेलं नाही. म्हणजे हा जंतू स्वतः हाड पाडत नाही. तो शरीराचा पहारा गोंधळात टाकतो, त्या गोंधळाचा फायदा घेऊन सगळी वस्ती माजते, आणि माजलेल्या वस्तीला उत्तर देताना शरीर आपलं हाड देऊन बसतं. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी हा आजार बरा का होत नाही, ते यावरून कळेल. थराच्या आत गोळीचा प्रभाव तोकडा पडतो आणि थर राहिला तर वस्ती पुन्हा तशीच जमते.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थर सगळ्यांच्याच दातांवर बसतो. हाड सगळ्यांचं सारखं जात नाही. लोए यांनीच १९७० पासून १५ वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० पुरुष मजुरांचा पाठपुरावा केला. त्यांना दंतवैद्य माहीत नव्हता, ब्रश माहीत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण होतं, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचं हाड मध्यम गतीनं गेलं. उरलेल्या ८ टक्क्यांचं इतक्या वेगानं गेलं की चाळिशीपर्यंत त्यांचे सुमारे २० दात पडले होते. घाण तीच, पण उत्तर देणारं शरीर वेगळं.

हे उत्तर काही अंशी जन्मतः ठरतं. जुळ्यांच्या अभ्यासात माणसामाणसातल्या फरकाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक निघाला. "आमच्या घराण्यातच" म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. पण उरलेला निम्मा आपल्या हातात आहे, आणि त्यात दोन गोष्टी सर्वांत वजनदार आहेत.

पहिली तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्या फसव्या असतात. रक्तवाहिन्या आकसलेल्या, त्यामुळे रक्त कमी येतं, हिरडी वरून फिकट आणि घट्ट दिसते आणि आत हाड झपाट्यानं जात असतं. धोक्याची घंटाच काढून घेतल्यासारखं. पांढऱ्या पेशींची काम करण्याची ताकदही तंबाखू बिघडवते आणि उपचारानंतर जखम नीट भरू देत नाही. आपल्याकडे त्यात मिसरीची भर आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासायची आणि त्यालाच दात स्वच्छ करणं म्हणायचं. किती तरी घरांत सासूकडून सुनेकडे हा वारसा येतो. मिसरीनं दात स्वच्छ होत नाहीत. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, हिरडी जागच्या जागी खाली सरते आणि मुळं उघडी पडतात. कर्करोगाचा धोका वेगळाच. मिसरी लावल्यावर दात दुखायचा थांबतो, म्हणून बायका तिला औषध समजतात. तो थांबणारा ठणका म्हणजे बरं होणं नव्हे. या पुस्तकात मिसरीवर स्वतंत्र प्रकरण आहे, ते घरातल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे.

दुसरी गोष्ट मधुमेह. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पिमा जमातीत मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथल्या १९९१ च्या अभ्यासात मधुमेहींना दातांचा आधार गमावण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते, त्या साखरलेल्या प्रथिनांनी पांढऱ्या पेशी भडकतात आणि हाड मोडण्याचा हुकूम जास्त जोरानं सुटतो. शिवाय हाड भरणाऱ्या पेशी मंदावतात. उलट दिशेनंही हे खरं आहे. हिरड्यांतली सूज साखर आवरू देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांनी एचबीए-वन-सी या साखरेच्या तपासणीचा आकडा सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. म्हणून ज्या मधुमेहीचे दात हलतात त्यानं दंतवैद्याकडे जावं, आणि ज्याचे दात विनाकारण हलू लागले त्यानं साखर तपासून घ्यावी. मावशींची साखर आम्ही त्याच दिवशी तपासली. ती बरीच वाढलेली होती आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती.

बाकीची कारणं थोडक्यात. वयामुळे हाड आपोआप जात नाही. आजार चालायला मिळालेली वर्षं वाढतात, एवढंच. दात खाण्याच्या सवयीनं किंवा वेड्यावाकड्या चाव्यानं दात हलू शकतो. पण हिरडी निरोगी असेल तर त्यानं पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली खोल झालेली खाच, तयार होत नाही, आणि भार काढला की दात पुन्हा बसतो. सूज आधीच असेल तर मात्र तोच भार हाडाच्या मुळावर येतो. आहारातलं कॅल्शियम शरीराला हवंच, पण थर तसाच ठेवून कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्यानं गेलेलं हाड भरत नाही.

हाड कसं जातं याचा आकारही त्या मिलिमीटरांच्या हिशेबानंच ठरतो. दोन दातांमधलं हाड पातळ असेल तर ते सगळंच सुजेच्या टप्प्यात येतं आणि पूर्ण कड सपाट खाली उतरते. ते रुंद असेल तर रोगी दाताकडची बाजू जाते, पलीकडची राहते, आणि मुळालगत पाचरीच्या आकाराचा खड्डा पडतो. दाढेला दोन-तीन मुळं असतात. हाड त्यांच्या फाट्यापर्यंत उतरलं की तिथं ब्रशही जात नाही आणि आमची हत्यारंही जेमतेम. हे एक्स-रेत दिसतं, पण उशिरा. खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग गेल्याशिवाय फिल्मवर फरक उमटत नाही. म्हणून खरी तपासणी ती बोथट, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, जिला आम्ही प्रोब म्हणतो. ती दाताच्या सहा जागी हळूच खाली सोडायची आणि आकडा वाचायचा. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे विचार करायचा, सहा-सातला हाड गेलेलं असतं. तुमच्या दंतवैद्यानं असे आकडे लिहून घेतले नसतील तर ते घ्यायला सांगा.

या आजाराच्या नावातला 'जुनाट' हा शब्दही अलीकडे बदलला आहे. २०१७ मध्ये शिकागो इथं भरलेल्या जागतिक कार्यशाळेनं 'जुनाट' आणि 'आक्रमक' असे दोन आजार मानणं सोडून दिलं. आता आजार एकच. किती हाड गेलं यावरून त्याचा टप्पा आणि किती वेगानं गेलं यावरून त्याची श्रेणी. वेग काढायचा हिशेब सोपा आहे. सर्वांत जास्त गेलेल्या जागी हाड किती टक्के गेलं, त्याला वयानं भागायचं. चाळीस वर्षांच्या माणसाचं ५० टक्के गेलं असेल तर उत्तर सव्वा येतं, आणि एकाच्या वर म्हणजे आजार वेगवान. तंबाखू आणि मधुमेह असतील तर श्रेणी वाढवायची. शास्त्रानं इथं स्पष्ट मान्य केलं आहे की मोजायचं ते शरीराचं उत्तर.

गेलेलं हाड परत येतं का, हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो. खरं उत्तर असं: काही पाचरीसारख्या खड्ड्यांत, योग्य शस्त्रक्रियेनं, काही प्रमाणात येतं. सपाट खाली उतरलेली कड वर आणता येत नाही. पण जाणं थांबवता येतं, आणि तेच फार मोठं आहे. निम्म्या हाडावर उभा असलेला दात, थर रोज निघत असेल, दर तीन-चार महिन्यांनी तपासणी होत असेल, तंबाखू सुटली असेल आणि साखर आटोक्यात असेल, तर वर्षानुवर्षं चावायच्या कामाला येतो. वणवा विझला की शरीर आणखी गवत जाळत नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमानं केली आहे: दाताचा आधार, थर, शरीराचं उत्तर, ते उत्तर बिघडवणाऱ्या गोष्टी, तपासणी, उपचार, आणि शेवटी घरी रोज काय करायचं ते. शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. शास्त्रीय नावं जिथं टाळता आली तिथं टाळली. जिथं त्यांच्यावाचून गोष्टच उभी राहत नव्हती तिथं ठेवली. आरोग्यसेविका, आशाताई आणि गावातले डॉक्टर यांच्या हाती हे पुस्तक पडावं असं मनात धरूनच लिहिलं आहे, कारण हलणारा दात घेऊन माणूस पहिल्यांदा त्यांच्याकडे जातो.

मावशींचे आणखी दोन दात आम्हाला वाचवता आले नाहीत. बाकीचे आहेत. मिसरी सुटायला आठ महिने लागले. आता त्या सुनेला घेऊन येतात.

वाचकांना एकच सांगणं. आज रात्री दात घासून चूळ भराल तेव्हा थुंकीकडे पाहा. ती लाल दिसली तर ब्रश त्या जागेपासून दूर नेऊ नका. तिथंच, हलक्या हातानं, जास्त वेळ फिरवा. पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही तर दंतवैद्याकडे जा आणि हिरड्या मोजून घ्या. तंबाखू वापरत असाल तर रक्त दिसण्याची वाट न पाहता जा. दुखेपर्यंत थांबू नका, कारण हा आजार बहुधा दुखत नाही. हाड अजून जागेवर आहे तोवर या.